भुलीवरचा पहारा

आमच्या पिंपळे सौदागरात नाना म्हणून एक वृद्ध शेतकरी आहेत. शेतकरी म्हणायचे ते जुन्या ओळखीने. कारण ज्या वावरात त्यांनी उभ्या हयातीत ज्वारी काढली, तेथे आता चौदा मजल्यांची इमारत उभी आहे आणि नाना तिच्याच सहाव्या मजल्यावर राहतात. "माझी ज्वारी काही एवढी उंच गेली नव्हती," असे ते हसून म्हणतात.

गेल्या भाद्रपदात नानांच्या आतड्यावर शस्त्रक्रिया झाली. ते घरी आल्यावर समाचाराला गेलो, तेव्हा त्यांनी मला जवळ बसवून घेतले आणि हलक्या आवाजात विचारले, "मास्तर, एक इचारू का? सुई टोचायच्या आधी त्या डाक्टरीनबाईंनी माझ्या कपाळाला पट्टी चिकटवली. मी म्हणलं, बाई, दुखणं पोटात आन् पट्टी कपाळाला? तर त्या हसून म्हणाल्या, आजोबा, तुम्हाला खरंच झोप लागलीय का, ते आम्हाला कळायला नको का? आता तुम्हीच सांगा, माणूस झोपलाय का न्हाई, ते कपाळाला इचारून कसं कळतं?"

चाळीस वर्षे मी शाळेत शिकवले. पण या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी तयार नव्हते. नवरात्रभर पुस्तके चाळली आणि लक्षात आले की, नानांच्या कपाळावरच्या त्या चार बोटे पट्टीमागे शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि त्याचा एक धागा आमच्या पुण्यातूनच निघतो. तोच येथे वाचकांपुढे मांडतो.

आपल्या भाषेत शस्त्रक्रियेपूर्वी 'भूल देतात'. शब्द मोठा मार्मिक आहे. भूल म्हणजे मोहिनी, भूल म्हणजे विसर आणि भूल म्हणजे चूकही. धारच्या भोजराजाची एक कथा बल्लाळाच्या 'भोजप्रबंधा'त आहे. राजाचे मस्तक असह्य दुखू लागले, तेव्हा दोन वैद्यांनी त्याला मोहचूर्णाने निश्चेष्ट केले, कवटी उघडून आतला विकार काढला, मस्तक पूर्ववत जोडले आणि संजीवनी देऊन राजाला जागे केले. कथा ती कथाच; तिला कोणी इतिहास समजू नये. परंतु कथाकाराला दोन औषधे आठवली, झोपवण्याचे आणि उठवण्याचे. या दोहोंच्या मधल्या वेळात राजा खरोखर झोपला आहे ना, हे कोण पाहत होते? कथाकाराला ते सुचले नाही. आणि त्यानंतर कित्येक शतके ते कोणालाच नीटसे पाहता आले नाही.

आता कथेतून इतिहासाकडे येऊ. आमच्या गावाशेजारून वाहणारी पवना दापोडीपाशी मुळेला मिळते. मुळा पुढे संगमावर मुठेला मिळते. त्या संगमापासून ससून रुग्णालय हाकेच्या नाही, तरी दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री तेथे महात्मा गांधींच्या आंत्रपुच्छावर शस्त्रक्रिया झाली. महात्माजी त्या वेळी येरवड्याच्या तुरुंगात सहा वर्षांची शिक्षा भोगीत होते. पोटातले दुखणे बळावले म्हणून त्यांना ससूनमध्ये आणले गेले. शल्यविशारद होते कर्नल मॅडॉक. ओळखीचे हिंदी डॉक्टर मुंबईहून येईपर्यंत थांबण्यात धोका होता. नामदार श्रीनिवास शास्त्री भेटीस आले. त्यांच्या समक्ष महात्माजींनी संमतीच्या निवेदनावर कापऱ्या हाताने सही केली. सरकारचा कैदी, सरकारचाच डॉक्टर, आणि बाहेर साऱ्या देशाचे डोळे लागलेले! काही बरेवाईट झाले असते तर काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी.

रात्री शस्त्रक्रिया सुरू झाली आणि ऐन वेळी वादळ होऊन वीज गेली. परिचारिकेच्या हातातली विजेरी पुढे केली, तर तीही मध्येच विझली. अखेरीस कंदिलाच्या उजेडात काम पुरे झाले. महात्माजी बरे झाले आणि ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांची मुक्तता केली. ती खोली ससूनमध्ये स्मारक म्हणून जपलेली आहे.

या प्रसंगाचे वर्णन करताना बहुतेक जण कंदिलापाशी थांबतात. मला मात्र उशाशी उभ्या असलेल्या, भूल देणाऱ्या माणसाची आठवण होते. त्या काळी क्लोरोफॉर्म वा ईथर जाळीवर थेंबथेंब टाकून हुंगवीत. किती थेंब पुरे, हे कशावरून ठरवायचे? हाताखाली नाडी, कानाशी श्वास आणि डोळ्यांपुढे रोग्याचे डोळे. पापणीच्या केसाला बोट लावले तर पापणी मिटते का, बुबुळ फिरते का, बाहुली लहान आहे की मोठी, एवढ्यावरून भुलीची खोली जोखायची. पहिल्या महायुद्धात आर्थर ग्वेडेल नावाचा अमेरिकन डॉक्टर फ्रान्समध्ये मोटारसायकलवरून या इस्पितळातून त्या इस्पितळात धावे आणि नवख्या मदतनीसांना ही लक्षणे तक्त्यावर शिकवी. ईथरच्या भुलीत डोळ्यांच्या हालचाली कशा वाचाव्यात, याचे त्याचे विवेचन १९२० साली छापून आले. विहिरीत दोर सोडून पाण्याचा ठाव घ्यावा, तशातला हा प्रकार होता. पाणी दिसत नसे, दोरावरून अंदाज. आणि दोर पाहायला उजेड लागे!

योगायोग असा की, त्याच १९२४ साली जर्मनीतील येना या गावी तो ठाव घेण्याची दुसरी वाट सापडली. हान्स बर्गर हे तेथले मनोविकारतज्ज्ञ. तरुणपणी सैन्यात असताना ते घोड्यावरून पडले आणि तोफगाड्याच्या चाकाखाली जाता जाता वाचले. त्याच दिवशी दूर घरी असलेल्या बहिणीला आपला भाऊ संकटात असल्याचे वाटले आणि वडिलांची तार आली. विचार मनातून मनात प्रवास करतात की काय, या ध्यासाने बर्गर यांनी मेंदूचा अभ्यास धरला. विचारांचा प्रवास काही त्यांना सापडला नाही. सापडले ते निराळेच. ६ जुलै १९२४ रोजी, सतरा वर्षांच्या एका मुलाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया चालू असता, कवटीतल्या फटीतून त्यांनी माणसाच्या मेंदूतील विजेची लहर प्रथम टिपली. म्हणजे मेंदूचा पहिला मानवी आलेख निघाला तोच मुळी शस्त्रक्रियेच्या वेळी!

ही लहर किती सूक्ष्म असावी? ससूनमध्ये विझली तशा विजेरीच्या एका सेलचा दाब दीड व्होल्ट असतो. टाळूवर मिळणारी मेंदूची लहर साधारण त्याच्या तीस हजाराव्या हिश्शाएवढी. माणूस डोळे मिटून स्वस्थ पडला की, ती सेकंदाला ८ ते १३ वेळा डुलते; डोळे उघडताच मोडते. बर्गर यांनी पाच वर्षे पडताळा घेतला आणि १९२९ साली निबंध छापला. लोकांचा विश्वास बसेना. १९३४ साली केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी प्रयोग करून दाखवला, तेव्हा जगाने मान डोलावली. १९३७ साली अमेरिकेतील गिब्ज पतिपत्नी व लेनॉक्स यांनी औषधांनी हा आलेख कसा बदलतो ते तपासले. भूल चढते तशा लहरी संथ आणि उंच होतात. फार चढली तर मध्येच उसळी, मध्येच सपाटी दिसते. आणि अखेर रेघ सरळ होते. भुलीची खोली मोजायला हा आलेख कामी येईल, असे त्यांनी तेव्हाच सुचवून ठेवले होते.

ते कोणी फारसे मनावर घेतले नाही. कारण नाडी, श्वास आणि डोळे यांवर काम भागत होते. मग असे काही घडले की, हे साक्षीदारच मुके झाले.

२३ जानेवारी १९४२ रोजी माँट्रियल येथे हॅरॉल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी रोग्याला क्युरारे टोचले. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणाच्या टोकाला लावीत, तेच हे विष. त्याने स्नायू लुळे पडतात. फायदा उघड होता. पोट सैल पडे, शल्यविशारदाचे काम सोपे होई. स्नायू सैलावण्यासाठी भुलीचे औषध जास्त ओतावे लागत नसे. पुढे आमच्या पिंपरीच्या माळावर हिंदुस्थान ॲन्टिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलिन निघू लागले. जखम चिघळण्याचे भय ओसरले, स्नायू शिथिल करता येऊ लागले. पूर्वी जी शस्त्रक्रिया करायला डॉक्टर धजत नसत, ती होऊ लागली.

पण तोट्याची बाजू ऐका. क्युरारे दिलेला माणूस पापणी हलवू शकत नाही, हुंकार देऊ शकत नाही, श्वासदेखील यंत्राने चालतो. ग्वेडेलचा तक्ता येथे फारसा उपयोगी पडत नाही. भूल कमी पडली तर? रोगी निपचित आहे. पण तो झोपला आहे की नुसता जखडला आहे? क्युरारेने शुद्धही जाते की काय, याविषयी डॉक्टरांत दुमत होते. तेव्हा स्कॉट स्मिथ नावाच्या अमेरिकन डॉक्टराने स्वतःवरच प्रयोग करवून घेतला. भुलीचे औषध न घेता त्याने क्युरारे टोचून घेतले. सारे अंग लुळे पडले, सहकाऱ्यांनी त्याचा श्वास चालवला. उतार पडल्यावर त्याने सांगितले की, आपण सर्व वेळ शुद्धीवर होतो, बोलणे ऐकत होतो आणि वेदनाही जाणवत होती. हा वृत्तांत १९४७ साली प्रसिद्ध झाला. निपचित पडणे निराळे आणि झोपणे निराळे, हा धडा एका माणसाने अंगावर घेऊन जगाला दिला.

हे भय नुसते पुस्तकी नव्हते. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये झालेल्या मोठ्या पाहणीचा अहवाल २०१४ साली आला. शस्त्रक्रियेच्या वेळी आपल्याला जाग होती, अशी आपण होऊन तक्रार करणारे रोगी एकंदरीत १९,००० भुलींमागे सुमारे एक निघाले. पण स्नायू शिथिल करणारे औषध दिले होते तेथे हे प्रमाण सुमारे ८,००० त एक, आणि दिले नव्हते तेथे सव्वा लाखाहून अधिकांत एक. म्हणजे धोका फार थोडा. पण आहे तो बहुतांशी जखडलेल्यांना.

उपाय दोन दिशांनी निघाले. पहिला इतका साधा की आजीबाईच्या बटव्यातला वाटावा. १९७७ साली ॲबरडीनच्या मायकेल टन्स्टॉल यांनी, सिझेरियनच्या बाळंतिणींसाठी, स्नायू शिथिल करण्याचे औषध टोचण्यापूर्वी दंडाखाली पट्टा आवळला. औषध त्या हातात उतरत नाही. एवढा एक हात मोकळा राहतो. मग कानाशी म्हणायचे, "बाई, ऐकू येत असेल तर माझा हात दाबा." हात दाबला गेला, तर भूल वाढवायची.

दुसरा उपाय म्हणजे नानांची पट्टी. पट्टीवरचे विद्युत्स्पर्श कपाळावरून मेंदूच्या लहरी टिपतात. यंत्र त्यांतली संथ आणि द्रुत लहरींची सरमिसळ तपासून एकच आकडा दाखवते. १०० म्हणजे टक्क जागा, ० म्हणजे आलेख सपाट. शस्त्रक्रियेला ४० ते ६० बरा. 'बिस' या नावाच्या अशा यंत्राला अमेरिकेत १९९६ साली सरकारी मान्यता मिळाली. उतारवयात थोडीच भूल पुष्कळ होते, म्हणून नानांसारख्यांच्या बाबतीत भूल कमी पडू नये तशी अति होऊ नये, हेही पाहता येते.

परंतु यंत्राची आरती ओवाळण्यापूर्वी हिशेब पाहावा. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत जाग येण्याचा धोका अधिक असलेले २,४६३ रोगी होते. यंत्राच्या पहाऱ्यात दोघांना जाग आली, नेहमीच्या पद्धतीत अकरांना. यंत्राचा जयजयकार झाला. २००८ साली दुसरी चाचणी आली. तिच्यात एका बाजूला हे यंत्र आणि दुसऱ्या बाजूला रोग्याच्या उच्छ्वासात भुलीचा वायू किती आहे त्यावर सावध नजर. दोन्हीकडे दोघादोघांना जाग आली. म्हणजे तारणारी गोष्ट आकडा नव्हे, लक्ष! आकडा त्या लक्षाला टेकू देतो, एवढेच.

येथपर्यंत प्रश्न होता, निपचित माणूस जागा तर नाही ना? अतिदक्षता विभागात, ज्याला आपण सारे 'आयसीयू' म्हणतो, हाच प्रश्न उलटा उभा राहतो. १९५२ साली कोपनहेगनला पोलिओची भयंकर साथ आली. भूलतज्ज्ञ बिअर्न इब्सेन यांनी रोग्यांच्या घशात नळी घालून हाताने रबरी पिशवी दाबत श्वास चालवला. वैद्यकीचे विद्यार्थी पाळीपाळीने रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले. भूल देणाऱ्याचा पहारा शस्त्रक्रियागृहातून वॉर्डात आला तो असा. पुढे पिशवीच्या जागी व्हेंटिलेटर आले आणि नवे कोडे पडले. छाती वरखाली होते, हृदय धडधडते. पण आतला दिवा आहे की विझला?

दिवा पाहण्याच्या नाना रीती निघाल्या. १९६० साली स्वीडनच्या लुंडबर्ग यांनी मेंदूतील पोकळीत नळी सोडून कवटीतला दाब सतत नोंदवून दाखवला. कवटी म्हणजे बंद डबा. आत सूज आली तर जागा नसते आणि मेंदूच चेपतो, म्हणून हा दाब कळलेला बरा. १९६९ साली लंडनमध्ये मेनार्ड, प्रायर आणि स्कॉट यांनी तासन् तास मेंदूवर नजर ठेवील असे यंत्र प्रसिद्ध केले. त्याचा कागद इतका संथ सरके की, रात्रीची हकीकत सकाळी एका दृष्टिक्षेपात वाचता यावी. आणि १९७४ साली ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी यंत्रावाचूनचे मोजमाप दिले. डोळे उघडतो का, बोलतो का, हातपाय हलवतो का, एवढेच पाहून ३ ते १५ गुण द्यायचे. मुंबई–पुणे रस्त्यावर दुचाकीवरून डोक्यावर पडलेला तरुण आजही कोणत्याही इस्पितळात पोचला की, पहिला हिशेब याच गुणांचा होतो.

आता सर्वांत कठीण जागा. १९५९ साली पॅरिसच्या मोलारे आणि गुलाँ यांनी बेशुद्धीच्याही पलीकडची अवस्था वर्णिली. १९६८ साली हार्वर्डच्या समितीने मेंदूच्या मृत्यूच्या कसोट्या मांडल्या. आपल्याकडे १९९४ साली अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला आणि ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो ज्या राज्यांत प्रथम लागू झाला, त्यांत आपला महाराष्ट्र होता. चार डॉक्टरांच्या मंडळाने निर्णय द्यायचा. अवयव काढणाऱ्या वा बसवणाऱ्या डॉक्टरांना त्यात जागा नाही. कसोट्या दोनदा घ्यायच्या, मध्ये किमान सहा तास सोडून. आणि त्या कसोट्या तरी कोणत्या? बाहुलीवर विजेरीचा झोत टाकायचा, बुबुळाला कापूस लावायचा, कानात गार पाणी सोडायचे, घशात नळी हलवून खोकला येतो का पाहायचे आणि शेवटी व्हेंटिलेटर काढून स्वतःचा एक तरी श्वास येतो का, याची वाट पाहायची. मेंदूचा आलेख कायद्याने बंधनकारक नाही. एवढी यंत्रे झाली, तरी अखेरचा निवाडा पुन्हा माणसाच्या डोळ्यांवर आणि खिशातल्या विजेरीवरच येऊन ठेपतो!

या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरी अवस्था आहे आणि तिचे नाव निघाले की, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाची आठवण होते. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर अमानुष हल्ला झाला. गळा आवळला जाऊन मेंदूचा प्राणवायू तुटला. मेंदू मेला नव्हता. श्वास स्वतःचा होता, डोळे उघडत. पण समज परतली नाही. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या मृत नाहीत, हे स्पष्ट केले आणि अन्न बंद करण्याची मागणी फेटाळली. के. ई. एम. च्या परिचारिकांनीही ती मानली नव्हती. १८ मे २०१५ रोजी अरुणाताई गेल्या. सुमारे बेचाळीस वर्षे परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना भरवले, कूस बदलली. हा पहारा कोणत्याही यंत्राच्या आकड्यावर चाललेला नव्हता.

वसुबारसेच्या संध्याकाळी हे सारे मी नानांना, त्यांना मानवेल इतके, सांगितले. ससूनचा कंदील, येनाचा मुलगा, मोकळा ठेवलेला हात. ते सज्जात बसले होते. खाली पवनेकडून वारा येत होता आणि आकाशकंदील हलत होते. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "मास्तर, ज्वारी निसवली का आम्ही माळ्यावर राखणीला बसायचो. पीक काय बोलतंय व्हय? गप उभं असतंय. जागं राहायचं ते राखणदारानं. म्हंजे मी गप पडलेलो, पर बाई राखणीला होती."

"अगदी बरोबर," मी म्हटले.

नानांनी आत हाक मारली, "सूनबाई, फराळाचा एक डबा वेगळा काढून ठेव गं. त्या डाक्टरीनबाईंना द्यायचाय. आन् चकल्या जास्त घाल. रात्रीचं जागायचं असतंय त्यांना."